माझ्या मानेचा नवस

दुखत होती ती मान माझी. उत्तरपत्रिका तपासून तपासून ती आखडली होती, आणि डॉक्टरांची वेळही माझ्याच नावाने घेतलेली होती. अम्मा नुसती सोबतीला आली होती. तिच्या मते मी एकटी गेले तर डॉक्टरांशी भांडते. तशी मी भांडतेही.

त्या वर्षी अम्माचं साऱ्या जगाशी बिनसलं होतं. कॉफी सांडली, तर पेल्याखालच्या डबऱ्याची कड वाकडी. ब्लाउजचे हूक लागेनात, तर शिंपी बिघडला. पायातली चप्पल रस्त्यात निसटायची, ही तशीच दहा पावलं पुढे, आणि मग दुकानदाराचा उद्धार. मीही तिला सोडत नव्हते. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून ओरडायचे.

डॉक्टरांनी माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. अंगठा हलला नाही. "छान," ते तमिळमध्ये म्हणाले. "आता दहा सेकंद मूठ भराभर उघडा-मिटा." मानेत मज्जारज्जू दबला असेल तर हात मंदावतात, वीसेक वेळा तरी जमायला हवं, असंही त्यांनी सांगितलं.

मी सुरुवात केली. शेजारच्या खुर्चीतून अम्मा तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या टिकलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाली, "ऐसी मरतुकडी मूठ? मज पाहा." आणि मला शिकवायला तिने स्वतःचा हात वर केला.

तिची बोटं मिटली ती लवकर उघडेचनात. मी बाविसावर पोचले तेव्हा ती नवावर होती. डॉक्टर आता माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी तिच्याही नखावर टिचकी मारली. अंगठा टुणकन आत वळला.

"पाहिलेंस?" अम्मा म्हणाली. "माझा कैसा चपळ! तुझा मेलेला."

डॉक्टर हसले नाहीत. "अम्मा, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ चालून दाखवता?"

अम्माचा चेहरा उजळला. ही तर अडिप्रदक्षिणा! पट्टीश्वरमच्या देवीला दर शुक्रवारी अशाच अकरा घालते, हिच्या मानेसाठी, तिने सांगून टाकलं. मला हे ठाऊक नव्हतं. मी तिला स्कूटरवरून देवळाशी सोडायचे आणि बाहेर पेपर तपासत बसायचे.

तिने चपला काढल्या, हात जोडले, भिंतीवरच्या कॅलेंडरातला पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, बघून घेतला आणि डॉक्टरांच्या टेबलालाच प्रदक्षिणा घालायला निघाली. चौथ्या पावलाला ती कलली आणि तिने डॉक्टरांचा खांदा धरला.

"फरशीस उतार आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून फरशीवर ठेवलं. पेन जागचं हललं नाही. "मग देवळात अकरा कशा होतात?" त्यांनी हळूच विचारलं.

अम्मा चपला पायात सरकवू लागली. मग म्हणाली, "भिंत धरून."

मला रडू आलं आणि रागही आला. तिचा थोडा, माझा पुष्कळ. चार महिने मी बाहेर बसून पोरांच्या चुकांखाली लाल रेघा ओढत होते.

माझ्या मानेला काहीच झालेलं नव्हतं. तिच्या मानेत मात्र हाड वाढून मज्जारज्जू चेपला होता, तपासणीत ते स्वच्छ दिसलं. शस्त्रक्रिया लांबवली तर चालणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. अम्माचं एकच पालुपद, नको. शेवटी मी ओरडले, "माझी मान बरी आहे! सोड तो नवस!"

"बरी झाली?" तिने मला नीट न्याहाळलं. "मग नवस फळला कीं. एकवीस शुक्रवार बोललें आहें. फेडायास पाय नकोत?" आणि तिने संमतीच्या कागदावर वाकडीतिकडी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण भिंत धरून घातलेल्या प्रदक्षिणा तिच्या हिशेबी धरायच्या नाहीत. माझा खांदा धरलेला मात्र चालतो. मी पुढे, ती मागे. तोल अजून पुरता आलेला नाही, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. अकरावी प्रदक्षिणा संपेपर्यंत माझी मान भयंकर दुखायला लागते.

पण हे तिला सांगायची सोय नाही. लगेच नवा नवस बोलेल.