ओल्या दगडाचा रंग

बंगळूरला मल्लेश्वरममधलं ते जुनं घर बाबांनी घेतलं, त्याच्या दिवाणखान्यात एक फायरप्लेस होती. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. ती पाहून त्यांना कोण आनंद झाला. आई मात्र पहिल्या दिवसापासून तिला ‘बाहेरची चूल’ म्हणायची. “एक फुंकतेय ती पुरे नाही का,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

फायरप्लेसभोवती लाकडी चौकट होती आणि तिच्यावर आधीच्या कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर चढवले होते. बाबा आणि मी तीन महिने दर रविवारी तो रंग खरवडत होतो. पॉलिशपेपरनं माझी बोटं सोलवटून निघाली. आणि एका रविवारी हिरव्याखालून साग दिसला, मधाच्या रंगाचा, वरच्या पट्टीवर द्राक्षांचे घोस कोरलेले. मी ओरडतच आईला बोलवायला धावले. ती पदराला हात पुसत आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आता आतल्या फुटक्या फरश्या शोभत नाहीत हो हिला.” आईकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी.

त्या फुटक्या फरश्या काढून लाकूड आणि आग यांच्यामध्ये दगडाचा वीतभर रुंद पट्टा बसवायचा ठरला. बाबा म्हणाले, “रंग हिनं निवडायचा. लाकूड हिनं घासलंय.” मी बारा वर्षांची होते. तोवर माझ्या परकराचा रंगसुद्धा मला कुणी विचारला नव्हता. त्या रात्री मला झोप कसली लागतेय? एकच धास्ती होती, रंग चुकला तर पुन्हा आपल्याला कुणी काही विचारणार नाही.

देवनहळ्ळीच्या रस्त्याला दगड विकणाऱ्या एका म्हाताऱ्याची वखार होती. आम्ही तिघं बसनं गेलो. धुळीत सगळे दगड सारखेच दिसत होते. म्हाताऱ्यानं तांब्या घेतला आणि एकेका दगडावर पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी पडलं की दगड जागा व्हायचा. मी काळ्याकडे बोट केलं तर आई म्हणाली, “दिवाणखान्यात ओटा घालायचाय का?” करडा दिसला तर म्हणाली, “घाटाची पायरी.” पांढऱ्यावर ती नुसतीच “शिव शिव” म्हणाली. मग म्हाताऱ्यानं कोपऱ्यातल्या एका लादीवर तांब्या उपडा केला आणि मी त्याच्यापुढे उकिडवी बसले. गर्द तांबडा, पिकलेल्या डाळिंबासारखा, मध्ये काळे ठिपके. “हाच,” मी म्हणाले. बाबांनी फूटपट्टीनं जाडी मोजली. आईनं पाटा पारखतात तसा टकटक वाजवून पाहिला, नखानं ओरखडून पाहिला. वाळल्यावर कसा दिसेल, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दगड कापून आले ते धुळीनं माखलेले. गवंड्यानं ते बसवले, भरपूर पाणी मारून धुतले, आणि काय सांगू, सागाच्या मधात डाळिंब असं ते दिसत होतं. मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही. आईनंसुद्धा दोनदा कणकेच्या हातांनी येऊन पाहिलं.

दोन दिवसांनी सकाळी उठून बघते तर तांबडा रंग गेलेला. दगड वाळला होता आणि शंभरदा धुतलेल्या फडक्यासारखा विटका गुलाबी दिसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही बंगळूरचं, मराठी घरातलं, पण निम्मी बोली कन्नड. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “हा असा कसा रंग? कोणी निवडला?”

“मी,” बाबा म्हणाले. ते पेपर वाचत होते.

मी खांबाआड उभी होते. मला तोंड वर करवेना.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. म्हणाल्या, “स्वल्प थांबा,” आणि घरी जाऊन आपली कल्चट्टी घेऊन आल्या. कल्चट्टी म्हणजे सांबार करायचं दगडाचं भांडं. ती काळीभोर, तुकतुकीत होती. “ही आणली तेव्हा राखेसारखी होती गं. एरंडेल चोळायचं हळद घालून, रोज स्वल्प आच द्यायची. पहिल्या दिवशी निखाराच. घाई केली की तडकते.”

बाबा दगड, तेल आणि उष्णता यांविषयी काहीतरी बोलू लागले. आईनं त्यांना मध्येच थांबवलं. “तुम्ही लाकडं आणा. चुलीतलं मला कळतं.” आणि पदर खोचून ती त्या फायरप्लेससमोर बसली, घर घेतल्यापासून पहिल्यांदा.

मग आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी दगडाला हात लावून बघायची. एरंडेलाच्या वासानं सगळी गल्ली भरली होती, पण कुणाची हरकत ऐकायला आईला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी चार निखारे, दुसऱ्या दिवशी आठ, मग बारीक काटक्या. तिसऱ्या दिवशी दगड पिवळट झाला आणि मी रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी कडेनं गडद व्हायला लागला. आई रात्री जेवता जेवता उठून बघून यायची. आठव्या दिवशी बाबांनी आणलेलं मोठं लाकूड आईनं स्वतः आत सरकवलं. ज्वाळा वर चढल्या, आणि दगड चमकायला लागला, खजुराच्या रंगाचा, खोल, सागाला अगदी सख्ख्या भावासारखा. मी निवडलेल्या डाळिंबापेक्षाही तो सुंदर होता. मी आईच्या गळ्यातच पडले. ती म्हणाली, “हात तेलाचे आहेत गं,” पण मला दूर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी त्याचा विसरलेला ओळंबा न्यायला आला. दगडापाशी थबकला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. हा रंग कुणी निवडला, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

“आमच्या मुलीनं,” बाबा पेपरामागून म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी न्हाणीघरात पळाले आणि पोटभर रडले, इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. बाबांनी पेपर दोन्ही वेळा खाली केला नव्हता.