महादेव बुडाला नाही

त्या उन्हाळ्यात महादेवावरचा माझा विश्वास डळमळला होता, आणि पूजा तर रोज मलाच करायची. मी चाकणजवळच्या एका गावचा गुरव. आमचं देऊळ यादवांच्या काळातलं. चुन्याचा कण नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. आत कोरीव खांब, वर नक्षीचं छत, शेजारी पायऱ्यांची बारव. मूळ शिखर कधीतरी पडलं आणि पुढे कुणी विटांचं बांधलं; ते उसनी टोपी घातल्यासारखं दिसतं. त्या वर्षी बारवेत नुसता गाळ उरला होता आणि विहिरींनीही तळ गाठला होता.

पाऊस लांबला की आमच्याकडे महादेव कोंडायची रीत. गाभाऱ्याची मोरी चिंध्यांनी बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं, म्हणजे गुदमरलेला देव पाऊस पाडतो. मोरी मीच बुजवली. बैलगाड्यांनी भामा नदीचं पाणी आणलं, बायकांनी हंडे रिकामे केले. पण पाणी पिंडीच्या निम्म्यावर येई आणि दगडांच्या सांध्यांतून ओसरून जाई. पाटील माझ्यावरच उखडले. "गुरवा, तुज्या सेवंतच खोट हाय. सांजपतुर पिंड बुडली न्हाई, तर दुसरा गुरव बघतो." पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा जाणार म्हणून खांबाला टेकून मी चक्क रडलो. म्हटलं, देवा, मला काही जमत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात बारवेतून हाक आली. पिंपरीकडे कारखान्याच्या बांधकामावर निघालेली मराठवाड्याची एक बाई, मांडीवर लेकरू घेऊन, सावलीला खालच्या पायरीवर बसली होती. "बाबा, भिताडाला टेकले अन् लुगडंच भिजलं बगा माझं," ती हसत म्हणाली. पाहतो तर पाठ ओलीचिंब. मी गावाला ओरडून बोलावलं. तिथला गाळ उपसला, तशी दोन दगडांमधून बोटभर धार सुटली. ती निवळल्यावर पाटलांनी ओंजळ धरली आणि पहिलं पाणी त्या लेकराला पाजलं. माझ्याकडे मात्र त्यांना बघवेना.

आम्हीच ओतलेलं पाणी परत आलं, असं सगळे म्हणाले. मलाही तेच वाटलं. पण ओतणं थांबलं, गाभारा कोरडा पडला, तरी बारवेतलं पाणी चढतच राहिलं. पाऊस उशिरा आला, तोवर सारं गाव त्यावर जगलं. त्या बाईचं नाव विचारायचंही राहून गेलं. भानावर आलो तेव्हा ती वाटेला लागली होती.

मोरीतल्या चिंध्या मी माझ्याच हाताने काढल्या. ज्याला आम्ही गुदमरवायला निघालो होतो, तोच आमची तहान भागवत होता. त्यानंतर आमच्या गावाने महादेव कधी कोंडला नाही. पूजा आटोपली की मी अजूनही मोरीत बोट घालून पाहतो, पाण्याची वाट मोकळी आहे ना, आणि मगच घरी जातो.