छत्रीवर ओतलेली घागर

घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगावरच्या आमच्या गावात घरोघरी टीव्ही चालू झाला तो माझ्यामुळे. मंचरला एक केबलवाला धंदा गुंडाळत होता. त्याच्याशी दिवसभर हुज्जत घालून त्याची आठ फुटी जाळीची छत्री मी पडेल भावात उचलली. ती सी बँडची. शाळेमागच्या टेकाडावर ती रोवली आणि तिथून घराघरांत वायर ओढली.

मग माझा धाकटा चुलतभाऊ पुण्याहून टेंपो घेऊन आला. वायर सोलायला तो माझ्याच हाताखाली शिकलेला. टेंपोत परातीएवढ्या छत्र्या होत्या, केयू बँडच्या. ऐन उन्हाळ्यात त्यानं देवळापुढं एक लावून दाखवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावसात चालंल का रं?" पठ्ठ्यानं हापशावरून घागर भरून आणली आणि छत्रीवर ओतली. चित्र जागचं हललं नाही.

"आता बोला, राव!" तो म्हणाला.

"भाऊ, तुजी जाळी आता कोंबड्या डालायला घे," कुणीतरी मला म्हणालं. सगळं गाव माझ्याकडं बघून हसलं.

 छत्रीवरच्या पाण्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आभाळात कोसभर उभ्या असलेल्या पावसानं. केयू बँडची आखूड लाट त्यात अडकते, सी बँडची लांब लाट पार होते. मला हे माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आठवड्याभरात घरोघरी त्याच्या छत्र्या लागल्या आणि माझ्या वायरवर अंगणाअंगणात धुणी वाळू लागली.

आषाढात आमच्याकडं पाऊस आठ-आठ दिवस हटत नाही. गावातले टीव्ही निळे पडले. माझा लख्ख. मी दार सताड उघडं ठेवून आवाज वाढवायचो. लोक वायर मागायला आले की म्हणायचो, "घागर ओतून बघा."

शेवटी चुलतभाऊ आला, नखशिखांत भिजलेला. त्याची आई, माझी काकी, पावसाच्या तोंडाला खुबा मोडून देवळापुढच्या त्यांच्या घरात खिडकीशी अंथरुणाला खिळली होती.

"दादा, माजं ऱ्हाऊ दे. आईपुरती एक वायर दे. टीव्हीवरचं सांजचं कीर्तन बंद झाल्यापासनं ती नीट जेवत न्हाई."

माझी आई गेल्यावर मला याच काकीनं वाढवलेलं. वायर मी देणारच होतो. पण अशीच कशी देईन?

"तुझी छत्री तुझ्या हातानं काढ. डोक्यावर घेऊन देवळापुढनं माझ्या दारात आण. माझ्या कोंबड्यांना पाणी प्यायला होईल."

"दादा, लोक बघत्याल."

"बघू देत की."

त्यानं आणली. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले, पण कुणी हसलं नाही. त्याचाच मला संताप आला.

मी वायर घेऊन त्याच्या घरी गेलो, जोडली. कीर्तन स्वच्छ लागलं. काकीनं हात उचलला. मला वाटलं, डोक्यावर ठेवतीय. तिनं टीव्हीकडं बोट केलं.

"बंद कर."

"काकी, कीर्तन हाय."

"खिडकीतनं बघितलं म्या, माज्या लेकाची कशी वरात काढलीस ती. तुला जेवू घातलं, तिथंच चुकलं माजं. काढ ती वायर."

मी काढली नाही. ती अजून तिच्या कौलांखाली लोंबतेय, टीव्ही मात्र बंद असतो. छत्रीतलं पाणी कोंबड्या पितात. देवळापुढं सगळं गाव मला हसलं होतं, तेव्हा खिडकीतून बघायला ती नव्हती.