बोर्ड चांगला होता

काल चिंचपोकळीत एका वर्कशॉपवरून जाताना तारा जोडायच्या सोल्डरिंगचा वास आला आणि तुमचा बाबा आठवला, कॉलेजातला, चिडलेला. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. त्यातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड सुरू व्हायचा, पण त्याला जोडलेला स्क्रीन काळाच. सुरू होताना बोर्ड आधी सेटिंग्ज वाचतो, आणि तिथे स्क्रीन ‘बंद’ ठेवलेला होता. त्याचं इंग्रजी मॅन्युअल मी खुणा करत वाचलं होतं, त्यावरून मला हे कळलं.

“अरे, ही ओळ बघ...”

“आई, तू पोळ्या लाट ना! तुला यातलं काय कळतंय?”

त्याचे मित्र खिदळले. मग मीही ती ओळ सांगितली नाही, पोळ्या लाटल्या.

तो नापास होऊन आला तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. काल मात्र लाज वाटली.

तो अजून त्या बोर्डाला शिव्या घालतो. त्याला सांगा, बोर्ड चांगला होता.