वकील डबा घेऊन येत नाहीत

बनशंकरीच्या स्टॉपवर बसमध्ये चढले तेव्हा माझ्या एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. नव्वदच्या दशकातलं बंगळूर... सनद मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि मी पहिल्यांदाच एकटी, जेलमध्ये अशिलाला भेटायला निघाले होते.

डबा आईनं दिलेला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जयनगरला टेलरिंगचं दुकान, माझा काळा कोटही त्यांनीच शिवलेला. वकिलानं अशिलाकडे कसं जायचं हे सांगणारं घरात कोण असणार... पण कुणाला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं आईला पक्कं माहीत होतं. म्हणून थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी.

अशील म्हणजे मंजुनाथ, आनेकलजवळच्या एका कारखान्यातला विशीतला कामगार. कारखान्यातला माल चोरल्याचा आरोप. त्याची आई आमच्या मोफत कायदा मदतीच्या ऑफिसात येऊन रडली होती... चोरी त्यानं केलेली नव्हती. पण आतल्या लोकांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की सोमवारी कोर्टात गुन्हा कबूल कर, झाली तेवढी कैद पुरे म्हणून सोडून देतील.

कदाचित सोडलंही असतं. पण मग जन्मभर चोर म्हणून. सोमवारच्या आत त्याला गाठून 'कबूल नाही म्हण' एवढंच मला सांगायचं होतं.

दारावरच्या पहारेकऱ्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नातेवाइकांची रांग तिकडे, आणि मंजुनाथची या आठवड्याची भेट त्याची आई घेऊन गेली, म्हणाला. मी वकील आहे म्हटल्यावर त्याला हसूच आलं.

"वकील डबा घेऊन येतात होय, अम्मा?"

मी खांद्यावरच्या पिशवीतून कोट काढून दाखवला. मग त्यानं वकीलपत्र मागितलं, मंजुनाथची सही असलेलं. म्हटलं, सही घ्यायलाच तर आत जायचंय. सही असल्याशिवाय आत सोडता येत नाही, तो म्हणाला... असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी डबा तेवढा त्यानं उघडून तपासला आणि आत पाठवून दिला. डबा आत, वकील बाहेर.

घरी आईनं विचारलं, डबा तरी पोचला ना? पोचला, म्हटलं. "मग स्वल्प तरी काम झालं," ती म्हणाली. मला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी कोट घालून, हात रिकामे ठेवून गेले. जेलच्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर दुपारपर्यंत बसले, आणि मग निरोप आला... कोर्टाची ऑर्डर आणा. तो शनिवार होता, सोमवारच्या आत ऑर्डर मिळणार नव्हती. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. कायद्यात लिहिलंय म्हणजे ते होतंच, असं वाटायचं ते माझं वय.

सोमवारी मंजुनाथला कोर्टात आणलं, पण सोबतच्या पोलिसांनीही मला जवळ जाऊ दिलं नाही. केस पुकारली गेली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि कानडीत विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मंजुनाथनं मान खाली घालून हात जोडले...

मी उभी राहिले. सांगितलं की याचं वकीलपत्र घ्यायला मी दोनदा जेलमध्ये गेले, मला भेटू दिलं नाही. त्यानं उत्तर देण्याआधी मला त्याच्याशी बोलू द्या. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, का नाही भेटू दिलं? आता खरं सांगणं भाग होतं.

"सर, पहिल्या दिवशी माझ्या हातात जेवणाचा डबा होता. त्यांना मी याची बहीण वाटले."

अख्खं कोर्ट हसलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मंजुनाथनं मान वर केली... त्याचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

साहेबांनी त्याला विचारलं, या वकीलबाईंशी बोलायचंय का तुला? फुकटचा वकील म्हणजे सरकारचाच माणूस, असं त्याला आत सगळ्यांनी सांगितलेलं होतं. ते मला नंतर कळलं.

"मला बहीण नाही, सर. अक्कानं डबा दिलाय म्हणाले, पण कोण अक्का ते कळेना," तो म्हणाला. "मला यांच्याशी बोलायचंय."

साहेबांनी केस जेवणाच्या सुटीनंतर ठेवली, आणि यापुढे या वकिलांना भेटू द्यावं, अशी ऑर्डरही लिहिली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो, पोलीस थोडे लांब उभे. मंजुनाथ पहिलं वाक्य काय बोलला असेल? "चटणी फार तिखट होती, अक्का."

दुपारी त्यानं मान वर ठेवून सांगितलं, कबूल नाही. मी जवळजवळ तीन दिवसांनी मोकळा श्वास घेतला... पुढे जामीन झाला, आणि उशिरानं का होईना, तो निर्दोष सुटलाही.

जामिनावर सुटल्यावर एका रविवारी तो त्याच्या आईला घेऊन आमच्या घरी आला. हातात तोच डबा, आत असताना त्यानं सांभाळून ठेवलेला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्याच्या आईनं सोललेले अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, भरून आणले होते. माझ्या आईनं झाकण उघडलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पावट्याची भाजी करायला आत गेली.

वकील डबा घेऊन जात नाहीत, हे मला आता चांगलं माहीत आहे. माझ्या आईला ते माहीत नव्हतं, याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते.