तीन नंबरच्या गाडीचा दाखला

गेनबाचं नाव निघालं की माझं डोकं अजून फिरतं. त्याच्यावर नव्हे. आमच्या कंपनीवर, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःवर.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात कामगारांना आणण्या-नेण्यासाठी कंपनीच्या चार बस होत्या. त्यांच्या देखभालीच्या शेडमध्ये गेनबा मेकॅनिक होता आणि मी, नंदकिशोर, डिप्लोमावाला सुपरवायझर. गेनबा चाकणकडच्या कुरुळीचा, शाळा चौथीपर्यंत. सहासष्ट साली बस आल्या, तेव्हापासून त्याचं अर्धं आयुष्य त्यांच्याखाली उताणं पडून गेलं.

त्याचे नियम म्हणजे नियम. एका गाडीला एकच ड्रायव्हर. थंड इंजिन रेस करायचं नाही. फेरी संपली की ड्रायव्हरने प्रत्येक चाकाच्या मध्यावर उलटा हात लावून बघायचं. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय, लगेच येऊन सांगायचं. विसरला तर गेनबा सगळ्यांदेखत त्याची हजेरी घ्यायचा. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून एअर फिल्टर तो दर आठवड्याला स्वतः धुवायचा.

"पुस्तकात महिन्यातून एकदा लिहिलंय, गेनबा," मी एकदा शहाणपणा केला.

"पुस्तक लिवणारा चाकणच्या रस्त्यानं आला व्हता का कवा?"

मी पुन्हा पुस्तक काढलं नाही. शेजारच्या कंपन्यांच्या बस सात-आठ वर्षांत खिळखिळ्या व्हायच्या. आमच्या बारा वर्षं धावल्या. राजगुरुनगरहून येणारी तीन नंबरची तर एकदाही वाटेत बंद पडली नाही. अशा माणसाला हार घालायचा सोडून आमच्या साहेबलोकांना तो अडचणीचा वाटू लागला.

कारण अठ्ठ्याहत्तर साली वाहतूक खात्याचे मॅनेजर अण्णासाहेब यांच्या साडूला कामगारांच्या बसचं कंत्राट हवं होतं. कंपनीच्या गाड्या धडधाकट असताना कंत्राट देणार कसं? म्हणून गाड्या मोडीत काढायच्या, आणि सुरुवात तीन नंबरपासून. गाडी संपली असा दाखला मेकॅनिकने द्यायचा, त्याखाली मी सही करायची. दाखला इंग्रजीत टाइप होऊन तयारच होता.

"गाडी म्हातारी झाली, गेनबा. कर सही," अण्णासाहेब म्हणाले.

"म्हातारी झाली, पर मेली न्हाई साहेब. बसा तुमी. आत्ता भीमाशंकराला नेऊन आणतो."

"तुला या शेडमध्ये राहायचंय ना?"

"ऱ्हायचंय की. पर खोटं लिवून न्हाई."

बोलता बोलता गेनबाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. काय होतं खिडकीबाहेर? काही नव्हतं. एक रिकामं पिंप होतं.

दुसऱ्या दिवशी गेनबाची बदली स्टोअरमध्ये झाली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस पुड्यांमध्ये नट-बोल्ट भरत बसला! तोच कागद नव्या मेकॅनिकची सही घेऊन माझ्या टेबलावर आला. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, बायकोला, शुभदाला, सातवा महिना होता. कारणं सगळी खरी होती आणि सगळी फुसकी. मी सही केली. एकदा केल्यावर उरलेल्या तीन गाड्यांच्या कागदांवर करताना हातही थांबला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कंत्राटदाराच्या बस सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी, सकाळच्या पाळीला, गेनबा स्टोअरमध्ये न जाता थेट माझ्या टेबलापाशी आला. बदली झाल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"साहेब, तीन नंबर आलीय."

"कुठे?"

"फाटकात उभी हाय. निळा रंग फासलाय, कंत्राटदाराचं नाव घातलंय. पर कुरुळीला चढलो तवाच वळीकली. मागच्या दाराचा पत्रा मीच ठोकलेला हाय. तिचं लई हाल केल्यात वो. ऑइल काळं ठिक्कर, ब्रेक डावीकडं वढतोय. साठ माणसं व्हतो आमी आत."

मी फाटकाशी जाऊन पाहिलं. तीच होती. साडूने ती भंगार म्हणून उचलली होती आणि आमच्याच माणसांना वाहायला भाड्याने लावली होती. मी तणतणत अण्णासाहेबांकडे गेलो. "गाडी आता आपली नाही," ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आणि दाखल्यावर सही तुमची आहे, हे विसरू नका." संतापाने माझे कान तापले. तरी मी मूग गिळून परत आलो. असला संताप कुणाच्या कामाचा?

गेनबा माझ्या टेबलाशी तसाच उभा होता.

"साहेब, त्या कागदावर काय लिवलं व्हतं? इंग्रजीत व्हता, मला वाचता आला न्हाई."

खोटं सांगायचं मनात आलं. पण त्या माणसासमोर जीभ रेटेना.

"माणसांची ने-आण करण्यास अयोग्य," मी म्हणालो.

गेनबाने ते शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिले.

"मंग आमी कोण, साहेब?"

तो उत्तरासाठी थांबला नाही, स्टोअरकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात ती निळी बस रिकामी होत होती, आणि उतरणाऱ्यांत गेनबा होता. पहिल्या पाळीला पोचवणारी दुसरी गाडी कुरुळीला नव्हती.