आई, भिंतीला टेकून बस

मी दिराच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, आतलं रीळ अंगणातल्या भर उन्हात ओढून काढलं आणि त्यात सासूबाई कुठं बसल्यात ते शोधू लागले. आज नातवंडं हे ऐकून लोळतात. लोळू द्या. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते, चार इयत्ता शिकले होते आणि ह्या घरात आपल्याइतकं हुशार कुणी नाही अशी माझी पक्की खात्री होती.

चारठाण्यात आमचं किराण्याचं दुकान. राज्य निजामाचं आणि बाहेर कुठंतरी मोठी लढाई चाललेली. रॉकेल मिळायचं नाही, कापड मिळायचं नाही, तिथं फोटोचं रीळ कुठून मिळणार? अशा दिवसांत धाकटा दीर हैदराबादेहून आला, तो गळ्यात काळा डबा अडकवून. तिकडं तो एका फोटोवाल्याकडं वरकाम करायचा. झाडलोट, पाणी भरणं, गिऱ्हाइकांना खुर्ची देणं. मालकानं त्याला आपला जुना कॅमेरा उसना दिला होता आणि हातावर एक रीळ ठेवलं होतं. म्हणाला होता, गावाकडं जा, नटूनथटून बसलेली माणसं नकोत, देवळं नकोत, ती सगळेच आणतात. रोजचं काहीतरी टिपून आण. पसंत पडलं तर कॅमेरा कायमचा तुझ्या हातात देतो, नाहीतर परत येऊ नकोस.

परत न जाणं म्हणजे काय, ते आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं. "मग दुकानात बसायचं. मिरच्या जोखायच्या. जन्मभर."

दिराला मिरचीच्या नुसत्या वासानं शिंका यायच्या. तो ताटावरून उठलाच.

आता फोटो म्हणजे काय, हे मला न सांगता माहीत होतं. आम्ही वीरशैव. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळभर भस्म लावतात, हार घालतात आणि भिंतीला टेकवून ताठ बसवतात. बसवूनच नेतात. आजेसासरे असे बसलेले असताना परभणीहून माणूस बोलावून त्यांचा फोटो काढला होता, तो माजघरात टांगलेला. माहेरीही एकच फोटो, तोही असाच. जित्या माणसाचा फोटो मी कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळं दीर डबा घेऊन घरात शिरला, तेव्हाच माझ्या मनात आलं, हा कुणासाठी आलाय?

मी त्याच्यावर नजर ठेवली. पाण्याच्या निमित्तानं घागर घेऊन निघायचं आणि तो जाईल तिकडून जायचं. एवढं पाणी आमच्या घरात कधी भरलं गेलं नव्हतं. आणि तो करायचा काय? गावभर जुनी देवळं, लांबून लोक बघायला येतात, तर हा त्यांच्याकडं पाठ करून उभा. पडक्या देवळाच्या चौथऱ्यावर कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या, त्यांचा फोटो. कोरीव खांबाला बांधलेल्या वासराचा फोटो. रिकाम्या विहिरीवर पडलेल्या मोटेचा फोटो. जिंतूरच्या बाजाराला जाताना त्यानं आमची गाडी थांबवायला लावली, तर पुढच्या गाडीखाली झोके घेणाऱ्या कंदिलासाठी. खाली उतरला, एक डोळा मिटला, आणि फोटो न काढताच परत येऊन बसला. "ऊन चुकलं," म्हणाला.

ऊन कसं चुकतं? मला काही हे लक्षण बरं दिसेना.

संशय एकट्या मला आला असंही नाही. एक दिवस पोलीस पाटील दुकानात आले. मी आतल्या दाराशी होतेच.

"शेटजी, तुमचा भाऊ हिरीचा फोटू कशापायी काढायलाय? पानी किती हाय ते कुनाला कळवायचंय का?"

"पाटील, हिरीत पानीच न्हाई."

"मग तर लईच वंगाळ," असं म्हणून पाटलांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गेले.

त्या हिवाळ्यात सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, खोकला झाला होता. वैद्यबुवा काढा देऊन निघाले, तेव्हा दीर त्यांच्या मागोमाग गेला आणि कोपऱ्यावर हळू आवाजात बराच वेळ बोलला. वैद्यांनी मान हलवली. मला ऐकू काहीच आलं नाही, पण मान मी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या. दीर डबा घेऊन आला आणि म्हणाला, "आई, भिंतीला टेकून बस. ताठ. हलू नको. आन भस्म जरा नीट लाव, पुसट दिसायलंय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आजेसासरे माजघरातून माझ्याकडं बघताहेत असं वाटलं. डब्याचा खट्ट आवाज झाला आणि मी ठरवून टाकलं: वैद्यानं ह्याला सांगितलंय, म्हातारी राहत नाही, आणि हा आधीच उरकून घेतोय.

दुपारी तो झोपला तसा मी डबा अंगणात नेला. झाकण कसं उघडतं ते घागर काखेत घेऊन पाहून ठेवलेलंच होतं. आत काळा कागद आणि त्याला चिकटून एक करडी, गुळगुळीत पट्टी. ओढत गेले, येत गेली. गोवऱ्या नाहीत, वासरू नाही, सासूबाई नाहीत. म्हणजे ह्यानं लपवलेत कुठं?

"वैनी!"

दीर दारात उभा. डोळ्यांत झोप, आणि झोपेच्या मागून काहीतरी भयंकर.

"आत्याबाई कुठं हायत ह्यात?" मीच दरडावून विचारलं.

"न्हाईत आता. गेल्या."

मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "कोन गेलं गं?"

पुढचा अर्धा तास मला आठवायला नको वाटतो. वैद्यबुवांना त्यानं काय विचारलं होतं, तर तुमचा खलबत्ता उद्या उन्हात मांडाल का. ऊन लागलं की रीळ मरतं, हेही मला त्याच दुपारी कळलं. दीर उंबऱ्यावर बसून ती पट्टी बोटाला गुंडाळत राहिला. मग त्यानं डब्यातली दुसऱ्या बाजूची, अजून फोटो न काढलेली गुंडाळी चाचपली. ती मी अजून ओढली नव्हती. कागदात घट्ट होती. दोन फोटो शिल्लक असतील, नसतील. तो वाकळीत डोकं खुपसून अंधारात काहीतरी कापत, जुळवत बसला. संध्याकाळी ह्यांनी सगळं ऐकलं आणि दुकानात मिरच्यांच्या पोत्याशेजारी एक जादा बैठक टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याची मोटार होती. सकाळी सासूबाई आपणहून ज्वारी घेऊन ओट्यावर बसल्या. "काढ माजा. मेल्यावर काढलास तर मला कुठून बघाय मिळनार? टेकत मातुर न्हाई मी भिंतीला."

त्या ज्वारी निवडता निवडता त्याला रागावत होत्या, तेवढ्यात पहिला खट्ट झाला. मी दाराआड होते, हातात उलथनं. माझा अजून विश्वास नव्हता. म्हातारी खोकली तशी मी अर्धी बाहेर आले, दिराच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघायला. तेव्हा दुसरा खट्ट झाला. मला वाटलं, कोपऱ्यातली केरसुणी काढली असेल. त्याचं काही सांगता यायचं नाही.

तो गेला. पत्र नाही, निरोप नाही. त्या रिकाम्या बैठकीवर रोज धूळ बसायची आणि ती रोज मीच झटकायची. सासूबाईंचा खोकला मात्र थांबला.

शिवरात्रीला तो आला. अंगात नवा सदरा, गळ्यात तोच डबा. पाणी घेऊन मी समोर गेले, पण विचारायची हिंमत होईना. घोट घेऊन तो म्हणाला, "वैनी, मालकानं आईचा फोटू बाजूला ठेवला आन तुमचा हातात धरून बघतच बसला. मला इचारला, 'ये बाई किसपे शक कर री?' मी म्हनलो, 'मुझपे.' तर लय हसला, आन म्हनला, 'कल से कॅमेरा तेरा.'"